थंडीतल्या जन्माची नोंद

आधी सरूमावशीचं नाव लिहिते, मग बाकीचं. परळीला वैजनाथाच्या पायऱ्यांवर बेल विकायला बसणारी ही बाई भेटली नसती, तर आज अमेरिकेत नवऱ्याच्या घरात बसून मी हे लिहीत नसते. माझी शाळा सातवीतच सुटली, तेव्हा काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझं सासर मूळचं धारूरचं, पण नवरा इकडचा नागरिक. लग्न धारूरला झालं, पंधरा दिवसांनी तो परत इकडं अमेरिकेत आला आणि व्हिसा येईस्तोवर मी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या घरी राहिले. सगळ्यांना वाटलं, सहा महिन्यांचा प्रश्न. दोन वर्षं गेली. लग्नाचा दाखला झाला, पोलिसांचा झाला, फोटो चार वेळा काढले. अडलं ते जन्माच्या दाखल्यावर. शाळेच्या दाखल्यात माझा जन्म एक जूनचा, जन्मगाव आमचंच गाव. पासपोर्टही त्यावरूनच निघालेला. पण वकिलातीला जन्माची मूळ नोंद हवी होती. ग्रामसेवकांनी तीनदा रजिस्टर चाळलं, मागचीपुढची वर्षंही पाहिली. नोंद नव्हतीच. आणि वकिलातीच्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं, की मुदतीत कागद आला नाही तर अर्ज बंद. सात आठवडे उरले होते.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. भाकरी थापताना मध्येच उठायचं, पिशवीतले कागद काढून पाहायचे, परत तव्याकडं धावायचं. नवऱ्याचा फोन आला की तो काय बोलतोय यापेक्षा कसा बोलतोय तेच ऐकायचे. एकदा तो नुसता गप्प राहिला, तर वाटलं, कंटाळला. नळावर बायका विचारायच्या, नवऱ्यानं टाकली का विसरला? हसत विचारायच्या, पण रोज विचारायच्या.

परळीला एका वकिलाकडं गेलते. त्यांनीही हात वर केले. बसला वेळ होता म्हणून देवळाकडं वळले, पण आत जायचं मन होईना. लहानपणापासून सोमवार धरते, आणि देवाला माझा एक कागद सापडू नये, असा राग होता. पायरीवर टेकले आणि कधी रडायला लागले कळलं नाही. शेजारच्या बेलवालीनं, याच सरूमावशीनं, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मग मीच सगळं सांगत गेले. शाळा, ग्रामसेवक, एक जून. अप्पांनी कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलेली गोष्टही तोंडातून गेली, की आई ऊसतोडीला गेलती तेव्हा मी झाले.

पानं निवडणारे तिचे हात थांबले. म्हणाली, "मी बी वीस साल ऊस तोडलाय. जूनमदी कुठं ऊसतोड असती का गं बाई? पावसाच्या आत समदे आपापल्या घरी. तू थंडीतली हाईस. आन् गावात कावून शोधायलीस? जिथं जल्मलीस तिथं शोध. आईच्या नावानं शोध, पोरीचं नाव तवा कुणी लिवत न्हाई."

इतकी साधी गोष्ट. पण आमच्याकडं गाव विचारलं की बापाचंच गाव सांगतात, पोर कुठंही होवो. आणि शाळेत नाव घालताना गुरुजी निम्म्या पोरांना एक जूनच लावायचे. हे मला ठाऊक होतं, तरी दाखल्यावर आलं म्हणून मीही तेच खरं धरून बसलेले. उठले, आत गेले, पिंडीवर हात ठेवला. मागितलं काहीच नाही. मागायचं सुचलंच नाही.

घरी अप्पांना विचारलं. "पाचटाच्या कोपीत जल्मलेली पोर म्हनून सोयरीक मोडली असती. म्हनून न्हाई बोललो," एवढंच म्हणाले. कोपी म्हणजे ऊसतोडीच्या फडावरची, उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी. मग आठवून आठवून सांगितलं, की दुसऱ्या दिवशी आईला आणि मला बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. गावाचं नाव त्यांना आठवेना. त्यांची टोळी नेणारे मुकादम शेजारच्याच गावात होते, त्यांनी ते सांगितलं. कोल्हापूरकडचं. आम्ही दोघं एसटीनं गेलो. तिथल्या नोंदणीच्या कारकुनानं आईच्या नावानं शोधत जानेवारीचं पान उघडलं. आईचं नाव, अप्पांचं नाव, आमचं गाव, आणि बाळाच्या नावाची जागा रिकामी. आई मी सातवीत असताना गेली, तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी फारसं घेत नव्हतं. अप्पांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि कारकुनाला म्हणाले, "ही माजी मालकीन."

अर्ज करून त्या रिकाम्या जागी माझं नाव घालून घेतलं, मुदतीत दाखला पाठवला, अर्ज बंद झाला नाही. पासपोर्टवरची तारीख दुरुस्त करण्यात आणखी आठ महिने गेले. मग मुलाखत झाली आणि व्हिसा मिळाला.

लोक योगायोग म्हणतील. मला वाद घालता येत नाही. दोन वर्षं जे पोटात लपवून मी पळत होते, ते त्या पायरीवर हातातून सुटलं आणि तिथूनच वाट निघाली, एवढं मला कळतं. आजही टपाल आलं की आधी वाईटच मनात येतं, हा स्वभाव काही जात नाही. पण आता आधी कागदांकडं धावत नाही. हात जोडून गप्प बसते, आणि जे असेल ते खरं खरं वैजनाथाला सांगते.

निघायच्या आधी मावशीला सांगायला गेले. साडी नेली होती, तिनं घेतली नाही. म्हणाली, "श्रावणात बेल इकता इकता माजंच दर्शन ऱ्हातंय दरसाली. त्याचं काय जमतंय का बघ." ती हसत म्हणाली, मी मात्र मनाशी गाठ मारली. ज्या वर्षी गावी येईन, त्या श्रावणातल्या सोमवारी तुमच्या जागी मी बसेन, मावशी. तुम्ही रांगेतून सावकाश जा. तुम्ही दर्शन घेऊन येईपर्यंत मी उठणार नाही.