दगडूकाकांची अमानत

दगडूकाका पैठणला गेले तरी संध्याकाळच्या एसटीनं उस्मानपुऱ्यात परत. नातवाच्या वाढदिवसाला पुण्याला गेले, ते तोंड गोड करून त्याच दिवशी माघारी. आयुष्यात मुक्काम म्हणून कुठं केला नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "अमानत हाये आमच्याकडं. घर सोडता येत नाय."

अमानत म्हणजे एक तलवार. त्यांचे पणजोबा छावणीत एका इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याचे घोडे सांभाळायचे. साहेब विलायतेला जाताना 'मी येईपर्यंत ठेव' म्हणून ती देऊन गेला, तो आलाच नाही. पात्यावर मुठीजवळ इंग्रजीत कोरलेलं होतं: त्याचं नाव, भलंमोठं आडनाव आणि खाली 'वडिलांकडून'. बापानं लेकाला दिलेली वस्तू, म्हणून या घरानं ती जिवापाड जपली. मला मेलीला चीड यायची. चार पिढ्या एका परक्याची वाट बघत बसायचं म्हणजे काय!

खंडेनवमीला काका चिंच आणि राख लावून पातं लखलखीत घासत, हळदकुंकू वाहत आणि शेजारून मला बोलावत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मी शाळेत तेच शिकवायची. "वाचा बाई," म्हणून हात जोडून उभे राहत. साहेबाचं कुणी आलं तर नाव चुकायला नको ना!

दरवर्षीच्या घासण्यानं अक्षरं झिजत गेली. एका खंडेनवमीला बघते तर पातं कोरं. काका हात जोडून उभे. खरं सांगायला माझी जीभच उचलेना. पाठ होतं ते म्हणून टाकलं. पुढची सहा वर्षं तेच. मधे काकू गेल्या, काका न्हाणीघरात पडले, मुलगी सुलभा न्यायला आली, पाया पडली, रडली. काकांचं उत्तर ठरलेलं. मी एक वाक्य बोलले असते तर हा माणूस सुटला असता, हे मला कळत होतं आणि मी गप्प बसले.

मागच्या उन्हाळ्यात काका त्याच घरात गेले. तेराव्यानंतर सुलभा तलवार जुन्या धोतरात गुंडाळून माझ्या दारात आली. मी रडत रडत सगळं कबूल केलं.

"बाबांना ठाऊक होतं, मावशी. घासताना बोटाला कळायचं त्यांना," ती म्हणाली. "जाताना सांगून गेले, नाव आता बाईंच्या तोंडी हाये, अमानत त्यांनाच दे."

काल माझ्या लेकीचा नाशिकहून फोन आला, कायमची इकडं कधी येतेस म्हणून. मी म्हटलं, खंडेनवमी होऊ दे.