साडूंचा मोबाईल आणि येळवशीचा डबा

आमच्या भागातला एखादा चोर पोलिसांची अख्खी गाडी चुकवेल, पण माझ्या साडूंच्या लाईकमधून सुटलेला अजून जन्माला यायचाय. साडू लातूरला हवालदार आहेत. त्यांच्या हातात काठी मी कधी पाहिली नाही. मोबाईल मात्र आंघोळीच्या वेळीसुद्धा बादलीशेजारी पाटावर ठेवलेला असतो. त्या मोबाईलवर ते कधी खिल्लार बैलांचे शौकीन असतात, कधी मंडपवाले, तर कधी नुकतंच लग्न मोडलेला हळवा तरुण. "पाव्हणं," मला म्हणतात, "चोराला चोरी पचती, पण दाखवल्याबिगर करमत न्हाई." हदगावकडचा एक बहाद्दर चोरलेल्या मोटारसायकलवर बसून, काळा चष्मा लावून रील टाकायचा. साडूंनी खाली लिहिलं, "भावा, नाद खुळा! गाडी बघायला येऊ का?" त्यानं पत्ता तर पाठवलाच, वर चहाचं आमंत्रण दिलं. साडूंनी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि मगच बेड्या काढल्या.

फोटोतला माणूस ते बघतच नाहीत, मागचं बघतात. पाण्याच्या टाकीचा रंग, कडब्याची गंजी, देवळाचा कळस. एकदा मी नांदेडला माल आणायला चाललोय असं घरी सांगितलं आणि उदगीरला कुस्त्या बघायला गेलो. चहाच्या कपाचा फोटो स्टेटसला टाकला. पाचच मिनिटांत साडूंचा फोन. "पाव्हणं, ह्या असल्या फरशीचं हॉटेल नांदेडात न्हाई. कुस्ती कोण मारली?" आता बोला!

अशा माणसाच्या सासूबाईंचीच बोरमाळ अहमदपूरच्या स्टँडवर गर्दीत कुणीतरी तोडून नेली. म्हणजे माझ्याही सासूबाईंची. आम्ही दोघं जावई त्यांना मामी म्हणतो. सासऱ्यांनी केलेला तेवढा एकच दागिना, आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. बोलता बोलता मामींचा हात गळ्याशी जायचा आणि रिकामा खाली यायचा. मला ते बघवत नसे. साडू तर म्हणाले, "मामी, बोरमाळ घेऊनच तुमचा उंबरा चढीन," आणि खरंच यायचे बंद झाले.

स्टँडवरच्या कॅमेऱ्यात दिसलेला गडी रेणापूरकडचा निघाला, पण तो घरातून फरार. साडूंनी बैलांचे शौकीन होऊन त्याच्याशी मैत्री जमवली आणि येळवशीची वाट बघत बसले. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडे गावं ओस पडतात. जो तो आपल्या रानात कडब्याची खोपटीसारखी कोप करतो, पूजा करतो आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील जेवतो. "फरार असू दे न्हाईतर मंत्री," साडू म्हणायचे, "येळवशीला माणूस सोताच्या रानात जेवतोच."

तसंच झालं. दुपारी स्टेटस पडलं: कोप, आंबिलीचं मडकं आणि वाढणारी त्याची बायको. तिच्या गळ्यात बोरमाळ. साडूंनी फोटो मोठा केला. माझ्या बायकोनं तान्हेपणी दात शिवशिवतात म्हणून चावून चेपवलेला मणी तिथं होता!

सोबतचे शिपाई रस्त्यावर थांबवून साडू साध्या कपड्यात रानात शिरले. तो गडी विहिरीवर गेला होता. त्याच्या म्हातारीनं ह्यांना लेकाचा दोस्तच समजलं. "ये लेकरा, बस. रानात आलेला मानूस उपाशी जात नसतो." येळवशीला वाढलेलं नाकारायचं कसं? साडू बसले. भज्जी दोनदा घेतली. गडी परत आला, कोपीबाहेर काढून ठेवलेले पोलिसी बूट बघून जागीच थिजला. साडू म्हणाले, "आधी जेवून घे. मग निघू." तो जेवला. सुनेला सगळं कळलं. तिनं बोरमाळ काढून दिली. म्हातारीला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तिनं डबा भरला आणि साडूंच्या हातात दिला. "वाटंत दोघं मिळून खावा."

कोर्टाचं सगळं होऊन बोरमाळ मामींच्या गळ्यात आली. साडू उंबरा चढले, पेढे वाटले, पण तो डबा त्यांच्या घरी फळीवर तसाच राहिला. रिकामा परत द्यायचा नसतो, आणि भरून द्यायला कुठल्या तोंडानं जायचं? शेकडो फोटोंतून माणूस हुडकणाऱ्या माझ्या साडूंना ह्याचं उत्तर वर्षभर सापडलं नाही.

पुढच्या येळवशीला ते पहिल्यांदाच आमच्या रानात आले. मामींनी वाढताना "अजून घ्या की," म्हटलं आणि साडूंचा घास हातातच राहिला. मग त्यांनी डब्याचं सांगितलं. मामी म्हणाल्या, "आना हिकडं." डबा साडूंनी येताना गाडीच्या डिकीत घातलेलाच होता. मामींनी भज्जी दाबून भरली, वर भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "जावा."

साडू दिवेलागणीला परतले. डबा मामींपुढं ठेवला. मामींनी उचलला, तो जड होता.

"घेतला न्हाई व्हय तिनं?"

"घेतला. आधी पाठ फिरवून बसली. लेक अजून आत हाय तिचा. लई वेळानं उठली, तुमची भज्जी काढून घिऊन आपली भरली. म्हनली, रिकामा कसा देऊ?"

आम्ही सगळे त्या डब्याभोवती बसलो. बायकोनं फोटोसाठी मोबाईल काढला, तर साडू हळूच म्हणाले, "आज नको. जेवा."