दामूने घडवलेले हात

सन २०२५. मला एकाहत्तर पुरी झाली होती आणि मी मुरबाडला एका बंगल्याच्या परांचीवर बसून खांबाच्या डोक्यावर सिमेंटची पानं काढत होतो. असले रोमन खांब आता आमच्याकडे दारोदार झालेत. ज्याच्या बापाचं घर कुडाचं होतं, त्याला तर चार तरी लागतातच. खालून बिगारी बाई ओरडली, "बाबा, फोन आलाय. सापगावचा दामू गेला!" मी हातातलं पान पुरं केलं, मगच उतरलो. ओला माल टाकून उतरायची मला सवय नाही... आणि खरं सांगायचं तर सहा वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

भातसाचं धरण बांधत होते तेव्हा आम्ही दोघं एकाच दिवशी घमेलं उचलायला लागलो. मी तिसरीपर्यंत शिकलेला, तो तेवढाही नाही. मी गवंडी झालो, तो मूर्तीकडे वळला. श्रावणात गणपती, एरवी देवळांवरचे मोर आणि सिंह. त्याला एक खोड होती. केलेल्या कामाला तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त दिवस पाणी मारायचा. "तहान लागते रे सिमेंटला," म्हणायचा. मी चारचौघांत त्याला येडा म्हणायचो. तो हसायचा. त्याचं ते हसणं मला कधी आवडलं नाही.

मग सहा वर्षांपूर्वी हायवेला लग्नाचा हॉल निघाला. मालकाला ग्रीक राजवाडा पाहिजे होता. खांब माझे, दारातली बाई दामूची. मालकाने मोबाइलवर फोटो दाखवला. कुठल्याशा जुन्या देशातली दगडी बाई, लुगडं कमरेवर घसरलेलं, आणि दोन्ही हात नाहीत.

दामूने पहिलाच सवाल केला, "हात कुनी तोडले हिचे?"

"तशीच हाय ती," मालक म्हणाला, "जगात फेमस हाय."

दामू दोन महिने ताडपत्रीआड काम करत होता. ताडपत्री काढली तेव्हा बाईला दोन हात होते! पुढे केलेले, तळवे वर, ओंजळीतून कुणाला काही देते आहे असे. आमच्याकडे खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. मग नवी मूर्ती कुणी मुद्दाम मोडकी घडवतं का? त्याच्या डोक्यात ते शिरतच नव्हतं. मालकाचे पाहुणे हसून हसून वाकले. एक म्हणाला, "हळदीकुंकवाला आलीय काय रे ही?" मालकाचं डोकं फिरलं. "आठ दिवसांनी उद्घाटन हाय. हात काढा, नायतर दोघंही चालते व्हा."

दामू मला म्हणाला, "मारत्या, चल. दोघं जाऊ."

माझे बारा खांब उभे होते. इतके सरळ खांब तालुक्यात दुसरे नव्हते, नाव माझं होणार होतं. मी ग्राइंडर मागवला. कापताना दिसलं, उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. दामूच्या बायकोची, पारूवहिनीची, तशीच आहे. भात कापताना विळा लागला होता. तिच्याच हातांवरून त्याने ते घडवले होते. मला कळलं, आणि मी थांबलो नाही. उलट दामूलाच म्हणालो, "खालून नीट धर, पडला तर पाय फुटंल तुझा." आणि त्याने धरला... अलगद झेलला, पोत्यात गुंडाळला, दुसराही तसाच, आणि पोतं खांद्यावर घेऊन निघाला. मी बाईचे खांदे घासून गुळगुळीत केले. अगदी फोटोसारखे.

त्यानंतर बाजारात भेटला की तो मान डोलवायचा, मी तोंड फिरवायचो. काम त्याने अडवलं होतं, तर आधी बोलायचं त्याने, असा माझा हिशेब.

त्याच्या दहाव्याला गेलो. सगळं आटोपल्यावर पारूवहिनीने पडवीतल्या पोत्याकडे बोट दाखवलं.

"भावोजी, हे न्या. रोज सकाळी तांब्याभर पानी मारायचे या हातांवर. म्हनायचे, मारत्या येल, मग दोघं जाऊन जोडू. सहा वर्सं म्हनायचे."

तिने आपला उजवा हात माझ्यापुढे धरला.

"हे माझे हायत. कापताना ठावं होतं ना तुमाला?"

"होतं," मी म्हणालो.

"मंग न्या. मला घरात नकोत."

पोतं, सळई आणि सिमेंट घेऊन मी तिथूनच रिक्षाने हॉलवर गेलो. हॉल गुलाबी झालेला, दारात लाकडी हत्ती. मॅनेजर म्हणाला, "ती बाई? पार्किंगच्या भरावात गेली, बाबा. खांब पण तिथंच गेले. आता राजस्थानी थीम आहे. ग्रीक कोण मागतंय?"

मी त्या पार्किंगवर थोडा वेळ उभा राहिलो. गाड्या येत होत्या, जात होत्या. फोटोतल्या बाईचे हात गेले, बाई राहिली. आमच्या बाईचे हात तेवढे राहिले...

हात घरी आणून दारातल्या ओट्यावर ठेवले. सून म्हणाली, "बाबा, हे काय अभद्र आणलंत?" मी म्हटलं, "माझं हाय. कुनी हलवायचं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. सहा वर्षांच्या सिमेंटला पाणी लागत नाही, हे मला कुणी शिकवू नये. तांब्या भरला आणि मारलं पाणी. आधी त्या वाकड्या करंगळीवर.