चिमटीची खोली

आमच्या लॅबमध्ये दात बनतात. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या आणि दातांच्या टोप्या करून देतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते तिला सगळे चिमटी म्हणतात. बारीक चिमटा कायम तिच्या खिशात असतो, हे एक कारण. दुसरं कारण तिचं बोलणं. पण रंग जुळवावा तर तिनंच. पिवळट असो, करडा असो, चहानं तपकिरी झालेला असो, तिनं केलेला दात बाकीच्यांत मिसळला की डॉक्टरलासुद्धा शोधावा लागतो.

बावीस वर्षांची असताना ती कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना तिनं मला सांगितलं, तिशीच्या आत तीन गोष्टी करायच्यात. एक, मुख्य कारागीर व्हायचं. दोन, सायकलवरून नदीच्या उगमापर्यंत जायचं. आणि तीन, असं घर घ्यायचं की ज्यात तिच्या खोलीला आतून कडी असेल.

"कडीचं काय एवढं?" मी विचारलं.

"आजवर कपडे बदलायला मी न्हाणीघरातच गेलेय," ती म्हणाली.

भाड्याच्या दोन खोल्यांत आई, बाबा, धाकटा भाऊ आणि ही. हिची गादी स्वयंपाकघराच्या दाराशी. सायकल तिनं जुने सुटे भाग गोळा करून स्वतः जुळवली होती. ती जिन्याखाली उभी असायची आणि महिन्यातून एकदा कुणीतरी तिची हवा सोडायचं. तरी दर सुट्टीला पहाटे ही बाहेर. सोमवारी नाक सोललेलं, गुडघा खरचटलेला, आणि सांगायला एक घाट.

मग घरासाठी पैसे साठवायला लागली. आधी जादा पाळी घेतली, मग सुट्टीच्या दिवशीही यायला लागली. सायकलचं विचारलं की म्हणायची, "घर होऊ दे एकदा." पाच वर्षं हेच उत्तर. मुख्य कारागीर झाली, तेव्हा पेढासुद्धा स्वतः खाल्ला नाही, सगळ्यांना वाटून कामाला बसली.

घरं मात्र तिनं हौसेनं पाहिली. सतरा की अठरा. सोबत मी असायचे. दलाल बाल्कनीतून दिसणारा देखावा दाखवायचा आणि ही खिशातून टेप काढून छोट्या खोलीची भिंत मोजायची, सायकल टांगता येईल का म्हणून. शेवटी एक पसंत पडलं. तिसरा मजला, बैठकीची खोली, एक मोठी खोली आणि कोपऱ्यात एक छोटी. छोटीच्या दाराला पितळी कडी होती. चिमटीनं ती तीनदा लावली, तीनदा काढली. दलाल माझ्याकडे बघत राहिला.

कागद करायच्या आदल्या दिवशी बाबांनी विषय काढला. भावाचंही नाव घाल. "तू उद्या लग्न करून जाशील. घराला घरचं कोणी नको का?"

चिमटीनं मला विचारलं. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर तिनं ते विसरू दिलं नाही. मी म्हणाले, "अगं, कागदावर नाव घातलं म्हणून घर कुठं पळतंय? घरचीच माणसं. उगाच वाईटपणा नको घेऊस."

तिनं नाव घातलं. भावानं तीन महिने अर्धा हप्ता भरला. मग त्याला मोटरसायकल घ्यायची होती.

वर्षभरात भावाचं लग्न झालं. मोठी खोली त्या दोघांना, बैठकीची आईबाबांना, छोटी हिला. बाळ होईपर्यंत सगळं ठीक चाललं. मग आईचं सुरू झालं, "तू काय, दिवसभर बाहेरच असतेस." चिमटी कानाडोळा करायची.

कितीतरी वर्षांनी तिनं दोन दिवसांची रजा काढून सायकल बाहेर काढली. परत आली ती रविवारी दुपारी. बैठकीच्या खोलीत सोफ्यामागे तीन खोकी. त्यांत तिचे कपडे, पुस्तकं, अवजारं. छोट्या खोलीत पाळणा, आणि खिडकीला नवा पडदा.

ती हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून म्हणाली, "हे कुणी केलं?"

आई स्वयंपाकघरातून आली आणि ओठांवर बोट ठेवलं. "आवाज नको करूस. बाळ झोपलंय."

चिमटी थांबली. बाळ उठेपर्यंत तासभर खोक्यावर बसून राहिली. भावजयीनं बाळ उचलल्यावर हिनं पाळणा मोठ्या खोलीत नेऊन ठेवला, आपलं सामान परत आत लावलं आणि दुसऱ्या दिवशी दाराला बाहेरून कुलूप घातलं. बाबांनी बोलणं टाकलं ते तेव्हापासून.

पंधरा दिवसांनी भाऊ कागद घेऊन आला. "ताई, तू हक्क सोडल्याची सही कर. तुझे पैसे देईन हळूहळू. शेवटी मला संसार आहे."

"आणि मला काय आहे?"

सही तिनं केली नाही. त्या दिवसापासून घरात तिच्या वाटचा स्वयंपाक बंद झाला.

मी तिला सांगून पाहिलं, "सोड ते घर. भाड्यानं एखादी खोली घे. सायकल चालव. जग जरा."

ती हातातल्या दातावरून ब्रश फिरवत म्हणाली, "हप्ता माझ्या पगारातून जातो. मी दुसरीकडे राहायला गेले की दार फोडायला त्यांना अर्धा तास पुरे. आणि तू सल्ले देऊ नकोस. घरचीच माणसं म्हणाली होतीस ना?"

मी माझ्या टेबलावरची कवळी घासायला घेतली.

याला पाच वर्षं झाली. आता ती पस्तिशीची आहे. लॅब सुटली की थेट घरी जाते. गावाला जात नाही, रजा काढत नाही. सायकल एका शिक्षिकेला विकली. उगमाचा नकाशा काही दिवस टेबलाच्या काचेखाली होता, मग तिथं रंगांचा तक्ता आला.

गेल्या महिन्यात ती तापानं पडली म्हणून मी भेटायला गेले. खोलीत पलंग, कपाट, विजेची किटली आणि एक कप. दुसरा कप नव्हता म्हणून तिनं मला कपातून चहा दिला आणि स्वतः किटलीच्या झाकणातून प्यायली. बाहेर भाची खेळत होती. तिचा चेंडू घरंगळत दाराशी आला, तशी भावजयीची हाक आली, "तिकडे नाही जायचं. आत्याचं आहे ते." चिमटीनं चेंडू उचलून बाहेर सरकवला आणि दार लावून घेतलं.

"तुला इथं बरं वाटतं का गं?" मी विचारलं.

"बरं वाटायचं काय त्यात? अजून नऊ वर्षं हप्ते आहेत."

निघताना तिची आई दाराशी आली. म्हातारी झालीय. माझा हात धरून हळूच म्हणाली, "तुम्ही तरी समजवा तिला. बाळाला कधी साधं उचलून घेतलं नाही हो तिनं. एवढं कसं माणूस कडू होतं?"

मला बरंच काही बोलता आलं असतं. मी चपला घातल्या आणि जिना उतरले.