शून्य कुणाच्या नावावर

तनुजाबाईंच्या सहावीच्या वर्गात मागच्या कोपऱ्यात दोन बस्करं टाकलेली असायची. एक निळं, एक पिवळं. निगडीला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं होतं, तिथून त्यांनी ही युक्ती उचलली होती. दोघांचं बिनसलं की दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने आपलं गाऱ्हाणं सांगायचं, दुसऱ्याने मधे तोंड न घालता ऐकायचं आणि ऐकलेलं जसंच्या तसं परत बोलून दाखवायचं. मगच त्याची पाळी. बाईंनी निवाडा करायचा नाही. हे शेवटचं बाईंना सगळ्यांत जड गेलं, कारण इतकी वर्षं त्या निवाडेच करत आल्या होत्या. तू सॉरी म्हण, तू हात मिळव, चला, पुस्तकं काढा.

सुरुवातीला बस्करांना उसंत नव्हती. खोडरबर, बाकावरची जागा, कुणी कुणाच्या आईवरून काय म्हटलं. तळवड्याच्या त्या शाळेत काही पोरं जुन्या गावकऱ्यांची, काही बीड-लातूरकडून कंपन्यांमागे आलेल्यांची. ठिणगी पडायला वेळ लागत नसे. पण बसत होती, बोलत होती. बाई घरी जायच्या त्या दमून, पण खुशीत.

मग सोपानरावांच्या मनात आलं. सोपानराव संस्थेचे अध्यक्ष, आणि शाळेच्या मागेच त्यांचं पत्र्याचे भाग बनवायचं वर्कशॉप. बस्करं बघून म्हणाले, "मॅडम, काम झकास आहे. पण लोकांना दिसत नाही हो. आमच्या गेटवर बोर्ड बघा, अपघाताविना इतके दिवस. माणूस आपोआप जपून वागतो."

आठवड्याच्या आत शाळेच्या दारातही हिरवा बोर्ड लागला. 'भांडणाविना दिवस', आणि पुढे आकड्याची जागा. शंभर भरले की सबंध शाळेला वॉटर पार्कची सहल; मधे एक जरी भांडण झालं तर आकडा परत शून्यावर. आकडा रोज सकाळी तनुजाबाईंनी लिहायचा.

घरी त्यांनी हौसेने सांगितलं. त्यांचा नवरा ज्ञानेश चाकणच्या एका कंपनीत लाइनवर होता. त्याने कप खाली ठेवला आणि उजवा अंगठा वर धरला. नखाच्या जागी नुसता गुळगुळीत डाग उरला होता.

"हा कुठं सापडला होता, सांग बरं?"

"मशीनमध्ये."

"रजेच्या अर्जात काय लिहिलंय?"

"घरी, दारात."

दोघांनाही ठाऊक होतं. कंपनीचा बोर्ड शून्यावर जाऊ नये म्हणून सुपरवायझरने तसं लिहून घेतलं होतं.

"पोरं काय मशीनवर काम करतात होय," बाई म्हणाल्या. ज्ञानेशने कप उचलला.

आकडा चढत गेला. बस्करांवर धूळ बसली. हेडसर रोज बोर्डाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकत, खाली अंगठ्यांची रांग लागे. बाईंनाही वाटलं, रुळली पोरं.

एका शनिवारी स्वरूपाची आई दारात उभी राहिली. अंजली नाव, चाकणला कंत्राटावर कामाला. पहिली शिफ्ट अर्धी टाकून आली होती, अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच. मागे पाठीला दप्तर लावलेली स्वरूपा.

"मॅडम, हिचा दाखला द्या. गावाकडं औशाला, माझ्या आईकडं ठेवते हिला."

"मधेच? वर्ष वाया जाईल तिचं."

"जाऊ द्या. लेकरू दिवसभर पाणी पीना गेलंय. बाटली भरलेलीच घरी येती. का, तर म्हणे कुणीतरी ती मुतारीत ठिवलती."

स्वरूपा बाईंच्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर. तिला त्यांनी व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"मला का नाही गं सांगितलंस?"

पोरगी दप्तराचा पट्टा पिळत राहिली. "सांगितलं की शून्य होतंय, बाई."

"म्हणून?"

"सगळी म्हणतेत, सहल बुडली तर तुझ्यामुळं बुडंल. डब्याला बसू देत नाहीत. मी बोलले की माझ्यासारखं बोलून दाखवतेत. वर्षाली म्हणाली, शंभर होऊ दे, मग सांग."

वर्षाली म्हणजे वर्गाची मॉनिटर, हुशार, बाईंची लाडकी. शंभर होऊ दे, मग सांग. ज्ञानेशच्या सुपरवायझरला हे याहून नीट जमलं नसतं. आणि रोज सकाळी हौसेने खडू घेऊन आकडा कोण वाढवत होतं? बाईंना स्वतःचीच चीड आली.

त्या तशाच हेडसरांकडे गेल्या. हेडसर मधल्या सुट्टीत शाळेच्या दारात, बोर्डापाशी उभे होते. बाईंनी बाटलीपासून दाखल्यापर्यंत सगळं सांगितलं.

"सर, शून्य लिहावं लागेल."

"अहो, आता? काठावर आलोय. सोमवारी सोपानराव पाहुण्यांना आणताहेत." हेडसरांनी आवाज खाली घेतला. "दाखला मागतायत तर देऊन टाकू. मुलीचंही भलं, आपलंही."

बाईंचा हात बोर्डाकडे गेला आणि मधेच थांबला. शून्य लिहायचं, तर ते स्वरूपाच्या नावावर चढणार. अख्खी शाळा तिला धरणार. नाही लिहायचं, तर पोरगी औशाला. हा बोर्डच असा होता की त्याच्यापुढे मार खाणाराच गुन्हेगार.

"तुम्हाला लाज वाटायला पाहिजे, सर," बाई म्हणाल्या. मोठ्याने. इतक्या मोठ्याने की मैदानातली लंगडी थांबली.

"मॅडम, हळू."

"का हळू? मुलगी पाणी पीत नाही, आणि तुम्ही फोटो काढताय. मीही आकडे लिहीत बसले, मलाही लाज वाटते. पण मी बोलणार."

"तुम्ही मर्यादा सोडताय."

"सोडतेय."

हेडसरांचाही आवाज चढला. पोरं भोवती गोळा झाली. मग बाईंनी पदराने आकडा पुसला आणि जाडजूड शून्य काढलं.

"भांडण झालं," पोरांकडे वळून त्या म्हणाल्या. "माझं आणि हेडसरांचं. सगळ्यांनी पाहिलंत ना? सहल माझ्यामुळं बुडाली."

कुणी हसलं नाही. एक बारकं पोरगं रडायला लागलं.

अंजली भिंतीला टेकून हे बघत होती. "मॅडम, तुमच्या नोकरीचं?"

"ते माझं मी बघते. सोमवारी पाठवा तिला."

"सोमवार एकच पाठवते," अंजली म्हणाली. "त्यात न्हाई जमलं तर दाखला."

सोमवारी बाईंना एकाही पोराने नमस्कार केला नाही. फळ्यावर कुणीतरी पाण्याची घसरगुंडी काढून तिच्यावर फुली मारली होती. बोर्डावरचं शून्य पुसून कुणीतरी शनिवारचाच आकडा पुन्हा लिहिला होता; बाईंनी तो परत पुसला. स्वरूपा आली होती, पण पाठीचं दप्तर तिने काढलं नव्हतं.

बाई हजेरी घेत होत्या तेवढ्यात वर्षाली उठली, मागे गेली, निळं बस्कर झटकलं आणि त्यावर बसली.

"कुणाशी गं?"

"तुमच्याशी."

बाई पिवळ्या बस्करावर बसल्या. गुडघे कुरकुरले.

"तुम्ही मुद्दाम केलंत," वर्षाली म्हणाली. "मी सगळ्यांना सांभाळून ठेवलं होतं. एवढे दिवस. मोठ्यांनी भांडलं तर ते धरायचं नसतं. हे चीटिंग आहे."

बाईंच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. ते गिळून त्या म्हणाल्या, "तू म्हणतेस, मी मुद्दाम केलं. तू सगळ्यांना सांभाळून ठेवलं होतंस, ते मी मोडलं. मी चीटिंग केली."

"हो."

"आता माझी पाळी?"

दारात शिपाई खंडूमामा येऊन उभे राहिले. "बाई, सोपानराव आल्यात. तुमाला हापिसात बोलावलंय. लई तापल्यात."

"त्यांना म्हणावं, वर्गात बसा येऊन. बस्कर देते."

"म्या न्हाई बा तसं सांगणार," खंडूमामा म्हणाले, आणि तिथेच थांबले.

एवढ्यात दुसऱ्या बाकावरून कुणीतरी उठलं. दप्तर बाकावर ठेवल्याचा आवाज झाला. स्वरूपा मागे आली, बस्करांपाशी उभी राहिली आणि बाईंकडे न बघता वर्षालीकडे बघत म्हणाली, "माझं पण हाय. हिच्याशी."

वर्षाली निळ्या बस्करावरून हलली नाही. आपली पाळी राहिली ती राहिलीच, म्हणत बाई हात टेकून पिवळ्यावरून उठल्या.