ब्रूजच्या भिंतीला लावलेली टाच

असले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचले. माझे ट्रक उरणहून कंटेनर ओढतात. घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली म्हणणाऱ्या ड्रायव्हरच्या मी आधी तोंडाचा वास घेतो, मग पुढचं ऐकतो. तेव्हा हे मी पूर्ण शुद्धीत लिहितोय, आणि साक्षीला माझी बायको आहे... जी कधीच माझ्या बाजूने बोलत नाही.

आमचं गाव पेणजवळ, खारेपाटात. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मधे मातीचा बांध. खेकडे त्यात बिळं पाडतात. उधाणाचं पाणी त्यातून घुसलं आणि वेळेत बुजवलं नाही तर बांधाला मोठी खांड जाते. खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. म्हणून मोठ्या उधाणाला पाळीपाळीने घरचा माणूस बांधावर हवा. भोक दिसलं की अनवाणी टाच दाबून बसायचं, कोणी पेंढा-चिखल आणेपर्यंत. त्या वाटेने जो येईल त्याने काही न विचारता टाच घ्यायची, आणि त्याची बसल्याशिवाय आपली काढायची नाही. लहानपणी याच्यावरून मी वडिलांचा मार खाल्लाय.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या उधाणाला पाळी माझी होती. नेमकी त्याच आठवड्यात आमची युरोप टूर. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सुनीताला शब्द दिलेला. मोठा भाऊ — दादा — म्हणाला, तारीख बदल. मी म्हटलं, होणार नाही, माझ्या जागी ड्रायव्हर पाठवतो. शेत दोघांचं, पण राबतो तो. त्याचं वर्षाचं पोट त्या भातावर.

"बांधाला ड्रायव्हर नाय लागत," तो म्हणाला. "भाऊ लागतो."

त्यानंतर महिनाभर त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. मीही टाकलं, मी काय कमी आहे?

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ब्रूजला होतो. बेल्जियममधलं कालव्यांचं जुनं शहर. सुंदर आहे, वादच नाही. लाल विटांची घरं थेट पाण्यात उतरलेली, कमानीचे पूल, हंस, दर थोड्या वेळाने वाजणारा घंटांचा मनोरा. नाश्ता करून साडेनऊच्या सुमारास आमचा ग्रुप बोटीकडे निघाला. ऊन स्वच्छ पडलं होतं. सुनीता चॉकलेटच्या दुकानापाशी रेंगाळली, म्हणून मी शेजारच्या बोळात सहज डोकावलो.

बोळ उतरत एका खोलगट अंगणात जात होता. समोर विटांची भिंत, तिच्यामागे कालवा. भिंतीच्या बुडाशी एक म्हातारा गोरा बसला होता. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एक पाय अनवाणी, आणि टाच भिंतीच्या भोकात. बाजूने पाण्याची चिळकांडी उडत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जरासा सरकला. आमच्याकडे सरकतात तसाच, टाच न हलवता.

मी विचार केलाच नाही. बूट-मोजा काढला, टाच घातली. मग त्याने आपली काढली आणि तो माझ्या मागच्या बाजूला गेला. मी सवयीने पाण्याचं बोट जिभेला लावलं. खारं! पाण्याचा जोर वाढत होता, मांडी भरून आली होती, पण सोडायचा प्रश्नच नव्हता. सोडलं तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

किती वेळ गेला माहीत नाही. मग माझ्या टाचेला घासून दुसरी टाच आत शिरली. खरखरीत, भेगाळलेली. ती घट्ट बसल्यावर मी माझी काढली. वळून पाहिलं... कोणीच नाही.

"अहो, इथे काय मांडी ठोकून बसलात? बोट गेली आपली!" बोळाच्या तोंडाशी सुनीता उभी होती. म्हातारा तिला दिसलाच नव्हता. चांगला अर्धा तास तिने मला शोधलं होतं, आणि सापडल्यावर हाक मारायच्या आधी घरी दाखवायला म्हणून माझा फोटोही काढला होता. मी भिंतीकडे पाहिलं. भोक नाही, ओल नाही. कोरड्या विटा. कालव्याचं पाणी खारं आहे का, ते गाईडला विचारलं. नाही म्हणाली, गोडं आहे.

तासाभराने दादाचा फोन आला. तिकडे दुपारचे अडीच वाजले होते. भरतीच्या ऐन भरात माझा ड्रायव्हर जेवायला निघून गेला होता. आमच्या तुकड्यात भोक पडलं. दादा लांब दुसऱ्या भोकावर टाच देऊन अडकलेला, त्याला उठता येईना. पण आमच्या भोकावर कोणीतरी बसलेलं त्याला लांबून दिसत होतं. शेजारी आल्यावर त्याने तिथली टाच सोपवली आणि धावत इकडे आला.

"टाच घेतली तुजी," तो म्हणाला. "मंग वर बगतंय तं तू नाय. भात वाचला रं. पन बांधावर येतंस आनि घरी येत नाय? येवरा राग?"

मी ब्रूजच्या रस्त्यात, लोकांसमोर रडलो. लाज कसली त्यात.

परत आल्यावर विमानतळावरून आधी दादाच्या घरी गेलो. पासपोर्टचे शिक्के दाखवले, सुनीताने काढलेला फोटो दाखवला. कोरड्या भिंतीला अनवाणी टाच लावून मी बसलोय, वेळ सकाळी दहा वाजून दहा. म्हणजे आपल्याकडची एक चाळीस. त्याने चष्मा लावून फोटो मोठा करकरून पाहिला.

"टाच बरोबर लावलीस," म्हणाला, आणि वहिनीला माझं ताट वाढायला सांगितलं.

याचा अर्थ मला लागलेला नाही, आणि कोणी शास्त्र शिकवायला आलं तर मी ऐकूनही घेणार नाही. यंदा पौर्णिमेला ड्रायव्हर पाठवणार नाही. मी स्वतः बसणार आहे. आणि टाच कोणाचीही आली, कुठूनही आली, तर न विचारता जागा देणार.