मामा, जाग्यावरून हलू नको

राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी जो गाढवपणा केला त्याचं कुणाला नवल वाटायचं नाही.

मी राहते महाडला आणि शिकवते पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीत. पहिली ते चौथी मिळून अकरा पोरं, आणि बाई मी एकटीच. एकदा वरून पत्र आलं की शनिवारी दप्तर नको. गावातली गाणी, गोष्टी, हातची कामं मुलांना शिकवा, आणि शिकवायला गावातल्याच जाणत्या माणसांना बोलवा. वरून येणाऱ्या पत्रांनी माझं डोकं उठतं एरवी, पण हे पत्र वाचून मी खूश झाले.

पहिल्या शनिवारी एक आजोबा बांबूच्या टोपल्या शिकवायला आले. चार जणांची बोटं कापली, पण प्रत्येकाची एकेक वाकडी टोपली झाली. माझीही झाली. तिच्यात मी कांदे ठेवते आणि ते रोज खालून गळतात. गाण्यांना तर बायका बोलवायच्या आधीच हजर. गोष्टींसाठी मात्र अख्ख्या वाडीने एकच घर दाखवलं. माझ्याच चौथीतल्या एका मुलीची आजी, आईची आई. मुलीचे आईवडील मुंबईला, ती आजीकडे राहते.

"तिच्यासारखी गोष्ट कुणाला येत नाय," बायका सांगायच्या. "धुकं कणगीत कोंडणाऱ्या पोरीची गोष्ट ऐकायला उमरठवरनं माणसं यायची, बाई." ती गोष्ट येणारं दुसरं माणूस उरलं नव्हतं. म्हातारीची एकच अट असायची, ऐकणाऱ्याने दर वाक्याला 'हूं' म्हणायचं. 'हूं' थांबला की गोष्ट थांबली.

आजी आली. नऊवारी नेसून, पानाची चंची कमरेला. मी खुर्ची दिली. पोरं कान टवकारून बसली. आजीने बाहेरच्या लख्ख उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दिवसाची गोष्ट सांगायची नाय गो बाई. मामा वाट चुकतो."

झालं! माझं डोकं सटकलं. विज्ञानाचा तक्ता भिंतीवर, आणि त्याच्याखाली बसून हे? मी पोरांकडे वळून पाच मिनिटं भाषण ठोकलं. अंधश्रद्धा म्हणजे काय, मामा-बिमा कुणी वाट चुकत नाही, वगैरे वगैरे. आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चंची सारखी केली, उठली आणि घरी निघून गेली. नात मान खाली घालून बसली होती.

पुढच्या शनिवारी मी शक्कल लढवली. खिडक्या लावल्या, दाराला ताडपत्री बांधली, मध्ये कंदील ठेवला. आजी दारातूनच आत डोकावली आणि खो खो हसली.

"सूर्य काय तुमच्या वर्गातला पोर हाय, खिडकी लावली की गप बसायला?"

पोरंही हसली. मीही हसले, काय करणार! ती मात्र पायरीवरूनच परत गेली.

त्या दिवशी खिचडीची ताटं घासताना तिची नात माझ्याजवळ आली. ही मुलगी चुरूचुरू बोलणारी, पण तेव्हा तिची नजर ताटावरून हलेना. "बाई, आजीला बोलू नका," ती म्हणाली. मग हळूहळू सगळं कळलं. तिचा मामा, म्हणजे आजीचा एकुलता एक मुलगा, मुंबई-गोवा रस्त्यावर मालाचा टेम्पो चालवतो. दोन वर्षांपूर्वी ही पोर तापाने फणफणली होती. भरदुपारी गोष्ट पाहिजे म्हणून रडून रडून हिने घर डोक्यावर घेतलं, आणि आजीने सांगितली. त्याच दुपारी कशेडी घाटात टेम्पो उलटला. मामाच्या पायात सळई घातली, चार महिने खाटेवर होता. आता तो बरा आहे, पुन्हा टेम्पोवर जातो. पण आजीने तेव्हापासून गोष्ट सांगितली नाही. दिवसा नाही आणि रात्रीही नाही.

"मीच हट्ट केला होता," नात म्हणाली. "मला ती अर्धीच आठवते, बाई. पुढच्या वर्षी मी मुंबईला जाणार. मग ती गोष्ट संपलीच ना?"

मला माझ्या त्या भाषणाची अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. संध्याकाळी आजीच्या घरी गेले आणि चुकलं म्हणून मोकळी झाले. आजीने चहा केला. म्हणाली, "मला काय कळत नाय असं नाय. घाटात तेल सांडलं व्हतं, गाडी घसरली. पण जीभ उचलत नाय गो. तो रोज रस्त्यावर असतो." चहा पिऊन निघाले.

सोमवारी वर्गात हा विषय निघालाच. तेव्हा दुसरीतली एक चिमुरडी, जिला अजून जोडाक्षरं धड येत नाहीत, ती बोट वर करून म्हणाली, "बाई, मामा बसलेलाच असला तर वाट कशी चुकेल?"

अकरा पोरांत आणि माझ्यासारख्या डबल पदवीवालीत हे तिला एकटीलाच सुचलं!

आजीला विचारलं. तिने हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाली, "सगल्यांचे मामा बसलेले पायजेत. एक पन सुटता नये."

आणि मग त्या शनिवारी जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आमच्या शाळेत फोनला रेंज येते ती फक्त पायरीच्या डाव्या टोकाला. तिथे माझा फोन ठेवला, स्पीकर लावला आणि पोरांची रांग. "मामा, कुठं हायस? बस. गोष्ट संपेपर्यंत जाग्यावरून हलू नको!" एक मामा बिरवाडीला कंपनीत, रात्रपाळी करून खोलीवर झोपलेला. झोपलेला चालेल, आजीने मंजुरी दिली. एक वॉचमन, तो म्हणाला, बसणं हीच माझी ड्यूटी आहे. एका पोराला चार मामा, त्यात चौथा नेमका नवरी बघायला निघालेला. त्याला पनवेलच्या स्टँडवर बाकड्यावर बसवला. "अर्धा तास थांब मामा, नवरी काय पलून जात नाय," भाचा ओरडला.

पहिलीतल्या एकाला मामाच नव्हता. त्याचा चेहरा पडला. आजीची नात त्याला म्हणाली, "माझा घे. अर्धा तुझा." गडी लगेच खुलला.

"बाई, तुमचा?" पोरं थोडीच सोडणार! महाडला माझा मामा आहे, ऐंशीला टेकलेला. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "गुडघ्यांनी मला दोन वर्षं बसवूनच ठेवलंय, तुम्ही खुशाल सांगा. पण घरी आलीस की मलाही सांग ती."

आता राहिला एकच. आजीचा मुलगा. नातीने नंबर लावला. रिंग वाजत राहिली. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आजीने हातातलं पान तसंच चंचीत ठेवलं, गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला लागली. खरं सांगते, त्या क्षणी मामा वाट चुकतो यावर माझा पूर्ण विश्वास होता.

नातीने आजीचा पदर धरला. "थांब गो, आजी. थोडं थांब."

आणि फोन वाजला.

"काय गो, काय झालं? दोनदा फोन?" मामाच तो. मागे गाड्यांचे आवाज. "चालवताना उचलत नाय मी. माणगावच्या अलीकडं बाजूला घेतलीय. आये बरी हाय ना?"

नातीने एका दमात सगळं सांगितलं. गोष्ट, शाळा, अकरा पोरांचे मामा, पनवेलचं बाकडं. पलीकडे इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

मग तो म्हणाला, "आये. धुक्याची ना? मी पन कवाच्यान ऐकली नाय गो. सांग. गाडी उभी हाय."

आजी फोनच्या अगदी जवळ सरकली. "ब्रेक लावलास का रे?"

"लावलाय."

"चावी?"

"काढली. खिशात हाय."

"चाकाला दगड?"

"आये!"

"लाव म्हनते ना!"

दार आपटल्याचा आवाज आला. आम्ही सगळे, मी धरून बारा जणं, वाट बघत बसलो. दगड सरकवल्याचाही आवाज आला. पुन्हा दार.

"लावला, आये. बसलोय मी."

आजीने पदराने डोळे पुसले. ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही. नातीचा हात हातात घेतला, समोरच्या लख्ख उन्हाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "एक व्हती पोर. तिच्या बापाच्या शेतात सदानकदा धुकं."

मी पोरांना 'हूं'ची चांगली तालीम दिली होती. पण कुणी तोंड उघडायच्या आत पायरीवरच्या फोनमधून आवाज आला.

"हूं."